उसने फुप्फुस आणि साधे पडसे

पडसे हा रोग आहे असे मानावयास सामान्य माणूस सहसा तयार नसतो. नाक वाहू लागले, घसा खवखवला, अंग थोडे कसकसले, म्हणजे घरातील वडील माणसे आल्याचा रस व मध पुढे करतात, गवती चहाचा काढा उकळतात, आणि चार दिवसांनी त्या दुखण्याची कोणास आठवणही राहत नाही. औषध घेतले तर पडसे सात दिवसांत बरे होते आणि न घेतले तर एका आठवड्यात, ही थट्टा तर खुद्द वैद्यांच्याही तोंडी असते. परंतु गेल्या साठ वर्षांत माणसांचा एक असा वर्ग निर्माण झाला आहे, की ज्याच्यापुढे ही थट्टा करण्यास कोणीही जाणता वैद्य धजणार नाही. दुसऱ्या माणसाचे फुप्फुस ज्यांच्या छातीत बसविण्यात आले आहे, अशी ही माणसे होत. शाळेतून आलेल्या नातवाची एखादी शिंक त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे हिरावून घेऊ शकते, आणि तीही तत्काळ नव्हे, तर पडसे बरे होऊन गेल्यावर, सावकाश. ही गोष्ट वैद्यकास एकाएकी उमगली नाही. शस्त्रवैद्यांनी प्रथम एका शत्रूशी झुंज दिली. तो नमला तेव्हा त्याच्या आडून दुसरा पुढे आला. आणि जो सर्वांत क्षुद्र म्हणून कोणाच्या गणतीत नव्हता, तो सर्वांत शेवटी ओळखू आला.

फुप्फुसाच्या वाट्यास हे का यावे, हे कळण्यासाठी त्याचे शरीरातील स्थान ध्यानी घेतले पाहिजे. मूत्रपिंड, यकृत, हृदय हे अवयव शरीराच्या माजघरात राहणारे. बाहेरच्या जगाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध येत नाही. फुप्फुस मात्र ओटीवर बसलेले असते. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी त्याची गाठ पडावयाचीच. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो, आणि त्या हवेबरोबर धूळ, परागकण, बुरशीची बीजे, जंतू व विषाणू हे सर्व आत शिरतात. निसर्गाने त्यावर पहारा बसविलेला आहे. श्वासनलिकांच्या आतील अस्तरावर अतिसूक्ष्म रोम असतात. ते एका दिशेने सारखे हलत राहून चिकट कफ वर ढकलीत असतात. उरलेसुरले काम खोकला करतो.

उसन्या फुप्फुसात हा पहारा दुबळा झालेला असतो. ते बसविताना मज्जातंतू कापले जातात. त्यामुळे टाक्यांच्या खाली कफ साचला तरी त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचत नाही, आणि खोकल्याची उबळ यावी तशी येत नाही. रोमांची हालचाल मंदावते. लसीकावाहिन्या तुटलेल्या असतात. आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे, परक्या अवयवाचा शरीराने अव्हेर करू नये म्हणून रोग्यास जन्मभर अशी औषधे घ्यावी लागतात, की जी शरीराच्या सैन्यासच पेंग आणतात. मूत्रपिंड बसविलेला रोगीही हीच औषधे घेतो. परंतु त्याचे मूत्रपिंड काही रस्त्यावरची हवा ओढून घेत नाही.

असो. पहिल्या फुप्फुसरोपणाच्या वेळी ह्यातील बहुतेक गोष्टींचा विचार करण्याइतकी उसंतच कोणास नव्हती. मॉस्कोत व्लादिमीर डेमिखोव्ह ह्यांनी १९४० नंतरच्या दशकात कुत्र्यांवर असे प्रयोग केले होते. मनुष्याच्या छातीत दुसऱ्याचे फुप्फुस प्रथम बसविले ते डॉ. जेम्स हार्डी ह्यांनी, ११ जून १९६३ रोजी, अमेरिकेतील मिसिसिपी संस्थानाच्या जॅक्सन शहरी. रोगी ५८ वर्षांचा असून खुनाच्या आरोपावरून जन्मठेप भोगणारा कैदी होता. डाव्या फुप्फुसात कर्करोग, शिवाय मूत्रपिंडांचाही विकार. तो अठरा दिवस जगला व मूत्रपिंडे निकामी होऊन वारला. बसविलेल्या फुप्फुसाचा अव्हेर झाल्याची चिन्हे शवपरीक्षेत आढळली नाहीत, एवढेच त्या प्रयोगाचे यश. त्याच मध्यरात्रीनंतर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणारे पुढारी मेडगर एव्हर्स ह्यांना त्यांच्या घराच्या दारी गोळी घालण्यात आली, आणि प्राणांतिक अवस्थेत त्यांना ह्याच रुग्णालयात आणण्यात आले. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे लक्ष कोठे गेले असेल, हे सांगावयास नको.

पुढील पंधरा-वीस वर्षांत निरनिराळ्या देशांत मिळून चाळिसांहून अधिक प्रयत्न झाले. बहुतेक रोगी काही दिवसांत अथवा आठवड्यांत दगावले. बेल्जममधील गेंट येथे फ्रिट्स डेरोम ह्यांनी १९६८ च्या नोव्हेंबरात ज्या तरुणावर शस्त्रक्रिया केली तो सुमारे दहा महिने जगला. वाळूच्या मारा-यंत्रावर काम करून त्याची फुप्फुसे सिलिकेच्या धुळीने भरली होती. तो अपवाद होय. बाकीच्यांचे मरण दोन रीतींनी आले. एक तर शरीराने परक्या अवयवाचा अव्हेर केला. नाही तर जेथे दोन श्वासनलिका शिवल्या होत्या तो सांधाच सुटला. सांध्याकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या जोडता येत नसत, आणि अव्हेर टाळण्यासाठी दिलेली स्टेरॉइडे जखम भरू देत नसत. म्हणजे ज्या औषधाने अवयव वाचवावयाचा त्यानेच शिवण उसवावयाची, असा हा पेच होता. फुप्फुसरोपणाच्या इतिहासात ह्या जातीचा पेच पुन्हा एकदा येतो, आणि तो पहिल्याहून अवघड आहे.

पहिला पेच सुटला तो मातीतील एका बुरशीमुळे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सँडोझ कंपनीचे नोकर सुट्टीत जेथे जात तेथील माती पिशवीत घालून आणीत. नवे औषध सापडेल ह्या आशेने ती तपासली जाई. नॉर्वेतील हार्डांगर पठारावरून आणलेल्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून काढलेले एक द्रव्य प्रतिकारक पेशींना थोपविते, असे १९७२ साली तेथे दिसून आले. हेच सायक्लोस्पोरिन. केंब्रिजच्या रॉय कॅल्न ह्यांनी १९७८ मध्ये ते अवयवरोपणाच्या रोग्यांवर वापरले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे ९ मार्च १९८१ रोजी ब्रूस राइट्झ व नॉर्मन शमवे ह्यांनी एका स्त्रीस हृदय व दोन्ही फुप्फुसे एकत्रच बसविली. ती पाच वर्षे जगली. टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर ह्यांनी सांध्याचा प्रश्न कुत्र्यांवर प्रयोग करून सोडविला. सुरुवातीचे आठवडे स्टेरॉइडे टाळावयाची, आणि आतड्यांवर पदरासारखी पसरलेली रक्ताने भरलेली पातळ झिल्ली वर ओढून सांध्याभोवती गुंडाळावयाची, ही त्यांची युक्ती. ७ नोव्हेंबर १९८३ रोजी त्यांनी ज्या ५८ वर्षांच्या गृहस्थास एक फुप्फुस बसविले, तो सहा वर्षांहून अधिक जगला. १९८६ साली त्याच शहरी दोन्ही फुप्फुसे बसविलेली पहिली यशस्वी शस्त्रक्रिया झाली. आता मार्ग मोकळा झाला, असे त्या काळी पुष्कळांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु आनंदाच्या ह्या दिवसांतच स्टॅनफर्डच्या वैद्यांना काही विचित्र दिसू लागले होते. शस्त्रक्रिया उत्तम झाली, रोगी घरी गेला, जिने चढू लागला, आणि मग काही महिन्यांनी अथवा वर्षांनी पुन्हा धापा टाकू लागला. फुप्फुसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता असे आढळले, की अगदी बारीक श्वासनलिका आतून व्रणासारख्या भरून येऊन बुजून गेल्या आहेत. १९८४ साली ह्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध झाले. झाडाचे खोड व मोठ्या फांद्या शाबूत, परंतु टोकाच्या डहाळ्या एकामागून एक वाळत चालल्या आहेत, तसा हा प्रकार. पुढे १९९३ मध्ये त्याची व्याख्या ठरली. रोग्याने जोराने फुंकर मारली असता पहिल्या सेकंदात जितकी हवा बाहेर पडते तिचे प्रमाण, त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून अधिक घटले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर हा विकार जडला असे समजावयाचे. फुप्फुस बसविलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना पाच वर्षांच्या आत तो गाठतो. मूत्रपिंड अथवा यकृत बसविलेल्या रोग्यांपेक्षा फुप्फुसाच्या रोग्याचे आयुष्य सरासरीने आखूड राहते, त्याचे मुख्य कारण हेच.

ह्याचे मूळ कोठे असावे? शरीराचा मंद, चिवट अव्हेर, हे एक उत्तर होते आणि ते खोटे नव्हते. परंतु एकाच रीतीची औषधे घेणाऱ्या दोन रोग्यांपैकी एकास हा विकार दुसऱ्या वर्षी व्हावा आणि दुसऱ्याने दहा वर्षे सुखाने श्वास घ्यावा, हे त्या उत्तराने समजत नव्हते. काही तरी ठिणगी पडत असली पाहिजे.

ठिणगीचा शोध लागण्यापूर्वी पडशाच्या विषाणूंचा शोध लागणे अवश्य होते, आणि ती कथा अगदी निराळ्या लोकांनी, निराळ्या ठिकाणी घडविली. १९१८ साली मुंबई बंदरातून शिरून हिंदुस्थानभर पसरलेल्या इन्फ्लुएंझाने कोट्यवधींचे बळी घेतले, त्या वेळी त्याचे कारण एक विशिष्ट जंतू आहे अशी वैद्यांची चुकीची समजूत होती. खरा अपराधी १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ ह्यांनी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर प्रयोग करून पकडला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी तेथील तरुण संशोधक स्टुअर्ट-हॅरिस ह्यांच्या तोंडावर आजारी फेरेट शिंकला आणि त्यांना इन्फ्लुएंझा झाला. प्राण्यापासून मनुष्यास रोग जडल्याचा पुरावा अशा रीतीने फुकटात मिळाला. अँड्र्यूज ह्यांनी पुढे १९४६ साली सॉल्झबरी गावाजवळ युद्धकाळच्या रिकाम्या रुग्णालयात केवळ पडशाच्या अभ्यासासाठी एक केंद्र उघडले. तेथे स्वयंसेवकांनी दहा दिवस राहावे, उत्तम जेवावे, दोघादोघांनी मोकळ्या टेकड्यांवर फिरावे, इतरांच्या जवळ मात्र फिरकू नये, आणि नाकात टाकतील ते थेंब निमूटपणे टाकून घ्यावेत, असा नियम होता. वर थोडा हातखर्चही मिळे. काही नवपरिणीत जोडपी मधुचंद्रासाठी तेथे येत असे म्हणतात. ओले मोजे घालून वाऱ्यात उभे केलेल्या स्वयंसेवकांना त्यामुळे पडसे अधिक झाले नाही, हा तेथील निष्कर्ष मात्र कोणत्याही देशातील आजीबाईंनी अद्याप मान्य केलेला नाही.

त्या केंद्राने डेव्हिड टायरेल ह्यांच्या काळात, १९६० साली, नाकातील उष्णतेइतक्या म्हणजे ३३ अंशांच्या उबेत पडशाचे विषाणू वाढविण्याची रीत सिद्ध केली. १९६५ साली एका शाळकरी मुलाच्या नाकातून तेथे जो विषाणू मिळाला, तो मुकुटाच्या आकारावरून पुढे कोरोना म्हणविल्या गेलेल्या कुळातील होता. अमेरिकेत १९५६ साली सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये आणखी एक विषाणू सापडला. वर्षभरात रॉबर्ट चॅनॉक ह्यांनी तोच तान्ह्या मुलांत दाखवून दिला. आर. एस. व्ही. ह्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा हा विषाणू मोठ्या माणसास साधे पडसे देतो, बालकास दमवितो, आणि उसन्या फुप्फुसात शिरला तर अनर्थ करतो. हॉलंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये त्याचा एक भाऊबंद, मेटान्यूमोव्हायरस, उजेडात आणला.

हे दोन प्रवाह एकत्र येण्यास मध्ये पुष्कळ काळ गेला, आणि त्यास कारणही होते. पहिल्या वर्षांत रोपणाच्या वैद्यांना धास्ती होती ती सायटोमेगॅलो नावाच्या विषाणूची. तो हवेतून येत नाही; दात्याच्या अवयवात अथवा रोग्याच्याच शरीरात दडून बसलेला असतो. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गॅन्सिक्लोव्हिर हे औषध आले आणि तो बराचसा आटोक्यात आला. तेव्हा कोठे इतरांकडे नजर वळली. पण पडशाचा विषाणू सिद्ध करावयाचा कसा? प्रयोगशाळेत पेशींवर तो वाढवावयास अनेक दिवस लागत, आणि पुष्कळदा तो वाढतच नसे. रोग्याने सांगावे, ‘गेल्या महिन्यात जरा सर्दी झाली होती,’ आणि वैद्याने ते टिपणवहीत न लिहिता सोडून द्यावे, असे सर्रास घडत असावे. विषाणूच्या जनुकाच्या असंख्य प्रती करून तो काही तासांत ओळखण्याची रीत रुग्णालयांत रुळली, तेव्हा ही सोडून दिलेली सर्दी लेखी येऊ लागली.

सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यांनी २००४ साली आपल्या रोग्यांच्या नोंदी पाहून असे प्रसिद्ध केले, की ज्यांना श्वसनमार्गाच्या विषाणूंची बाधा होऊन गेली होती त्यांच्यात नलिका बुजण्याचा विकार व मृत्यू ही दोन्ही अधिक दिसतात. दोन वर्षांनी जिनेव्हा येथून त्याहून चमत्कारिक बातमी आली. साध्या पडशाचा ऱ्हायनोव्हायरस, जो निरोगी माणसाच्या नाकातून थोड्याच दिवसांत निघून जातो, तो काही उसन्या फुप्फुसांच्या खोल भागात महिनोन् महिने ठाण मांडून बसलेला आढळला. ह्याचा अर्थ पडसे सात दिवसांचे हा नियमही येथे लागू नव्हता. तथापि सर्वांचे एकमत झाले नाही. जिनेव्हाच्याच मंडळींनी २०११ साली तोवरच्या सर्व अभ्यासांची एकत्र छाननी केली, तेव्हा विषाणूमुळे तत्काळ होणारा अव्हेर वाढतो असे दिसले नाही, आणि दीर्घकालीन विकाराविषयी तर ठाम काही सांगता येईना. रोगी थोडे, अभ्यासांच्या रीती भिन्न. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचे माप मात्र सेंट लुईच्या बाजूस झुकते आहे. निदान बाधा नाकापुरती न राहता खाली फुप्फुसात उतरली, तर पुढील धोका वाढतो, हे आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

हे घडते कसे, ह्याची संगती अशी लावली जाते. विषाणू नलिकेच्या अस्तरास जखमी करतो. त्या जखमेची हाक ऐकून पांढऱ्या पेशी धावून येतात. निरोगी माणसाच्या घरी त्या चोराला पकडतात आणि परत जातात. येथे मात्र चोर ज्या घरात शिरला आहे ते घरच परके आहे. दाहाच्या गडबडीत त्या घराच्या भिंतींवरील परकेपणाची खूण अधिक ठळक होते, आणि चोरासाठी आलेले शिपाई घरमालकावरच तुटून पडतात. विषाणू निघून जातो, शिपाई रेंगाळतात, आणि जखम भरता भरता नलिका बुजते. रोग्यास पडसे आठवतही नाही, तेव्हा त्याची फुंकर उणी पडू लागलेली असते.

आता तो दुसरा पेच. विषाणूशी लढण्यासाठी प्रतिकारशामक औषधे कमी करावीत, तर जागे झालेले सैन्य फुप्फुसावर चालून जाण्याचे भय. ती वाढवावीत, तर विषाणूस रान मोकळे. काही ठिकाणी अशा बाधेत स्टेरॉइडे मुद्दाम वाढवून देतात, काही ठिकाणी त्यांस हात लावीत नाहीत, आणि दोन्हीकडील वैद्य प्रामाणिकच असतात. सरळ उपाय म्हणजे विषाणूवरच औषध. परंतु तेथे भात्यात बाण थोडे. आर. एस. व्ही. साठी रिबाव्हिरिन हे औषध वाफाऱ्याच्या रूपाने हुंगावयास देत. रोग्यास तंबूसारख्या आच्छादनाखाली दररोज तासन् तास बसवावे लागे. प्राण्यांत ते गर्भास घातक ठरले असल्याने गरोदर परिचारिकांस त्या खोलीतून दूर ठेवीत. पुढे पुष्कळ ठिकाणी तेच औषध पोटात देऊ लागले, पण त्याच्या गुणाविषयी निर्विवाद पुरावा नाही.

एकदा मात्र फार मोठी आशा निर्माण झाली होती. आर. एस. व्ही. च्या जनुकाचा संदेश मधल्या मध्ये कापून टाकणारा एक छोटासा रेणू तयार करण्यात आला. ज्या मूळ शोधावर तो आधारलेला, त्यास २००६ चे नोबेल पारितोषिक मिळालेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या २४ फुप्फुसरोपित रोग्यांच्या चाचणीत, नव्वद दिवसांनी नलिका बुजण्याचे प्रमाण ह्या औषधाने पुष्कळच कमी राहिल्याचे दिसले. ठिणगी विझविली तर आग लागत नाही, ह्याचे ते जणू प्रत्यक्ष प्रात्यक्षिक होते. परंतु २०१६ साली ८७ रोग्यांच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात मुख्य कसोटीवर औषध उतरले नाही, आणि ते बाजारात आले नाही. वैद्यकात लहान चाचणीची स्वप्ने मोठ्या चाचणीत विरतात हे नवे नाही. तरी ज्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते अशा रोग्यांना ती निराशा फार जाणवली असली पाहिजे.

इन्फ्लुएंझाची गोष्ट थोडी बरी. १९९९ पासून ऑसेल्टामिव्हिर उपलब्ध होते, आणि २००९ च्या साथीत त्याची कसोटी लागली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात देशातील पहिला बळी पुण्यात पडला, आणि त्या दिवसांत तोंडावर फडके बांधून हिंडणारे पुणेकर अनेकांना अजून आठवत असतील. त्या साथीत निरनिराळे अवयव बसविलेल्या २३७ रोग्यांची माहिती २६ केंद्रांनी एकत्र केली, तेव्हा असे दिसले की लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत औषध मिळालेल्यांवर अतिदक्षता विभागात जाण्याची पाळी कमी आली. ‘दोन दिवस वाट पाहू’ हे मध्यमवर्गीय घरातील शहाणपण ह्या रोग्यांच्या बाबतीत शहाणपण नव्हे, हे त्या आकड्यांनी ठरविले.

आणि मग २०२० साल उजाडले. नव्या कोरोना विषाणूने फुप्फुसरोपणाच्या इतिहासास दोन्ही बाजूंनी धक्का दिला. एका बाजूस, विषाणूने निकामी केलेल्या फुप्फुसांसाठीच रोपण करण्याची वेळ आली. चीनमधील वूशी येथे फेब्रुवारीच्या अखेरीस, शिकागो येथे जूनमध्ये डॉ. अंकित भरत ह्या भारतात वैद्यक शिकलेल्या शस्त्रवैद्याच्या हातून, आणि ऑगस्टात चेन्नईत, अशा शस्त्रक्रिया झाल्या. दुसऱ्या बाजूस, आधीच उसने फुप्फुस घेऊन जगणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वसामान्यांहून कितीतरी अधिक राहिले. लस आली, परंतु बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०२१ मध्ये अवयव बसविलेल्या ६५८ जणांची तपासणी प्रसिद्ध केली, तीत दोन मात्रा घेऊनही ४६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिद्रव्ये सापडली नाहीत. ज्या औषधांनी अवयव टिकतो तीच लसीचाही आवाज बुडवितात.

मिशिगन येथील एका घटनेने तर वैद्यांची झोप उडविली. अपघातात मेंदू मृत झालेल्या एका दात्याच्या नाकातील तपासणीत विषाणू आढळला नव्हता. त्या दात्याची फुप्फुसे एका स्त्रीस बसविण्यात आली. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. शस्त्रक्रियेच्या वेळी दात्याच्या फुप्फुसात खोलवरून काढून ठेवलेल्या द्रवाची मग परीक्षा केली, तेव्हा विषाणू तेथेच होता असे दिसले. ६१ दिवसांनी ती स्त्री वारली; फुप्फुसे तयार करणाऱ्या शस्त्रवैद्यासही बाधा झाली, तो मात्र बचावला. २०२१ पासून अमेरिकेत फुप्फुसदात्याच्या केवळ नाकाची नव्हे, तर खालच्या श्वसनमार्गाची तपासणी सक्तीची झाली.

हिंदुस्थानात मेंदूचा मृत्यू हाच मृत्यू मानणारा अवयवरोपणाचा कायदा संसदेने १९९४ साली केला, आणि आरंभी तो ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन होती. फुप्फुसरोपण आपल्याकडे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. पाश्चात्त्य ग्रंथांतील सूचना येथे जशाच्या तशा उचलून भागत नाही, हे ह्या रोग्यांची काळजी घेणाऱ्यांना लवकरच कळून येते. युरोपात इन्फ्लुएंझा हिवाळ्यात येतो, म्हणून लस शरद ऋतूत टोचतात. मुंबई-पुण्याकडे त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. हिवाळ्यात दुसरा, बहुधा लहान. तेव्हा येथील रोग्याने लस टोचून घ्यावयाची ती मृगापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत. ती सुईची, मृत विषाणूची असावी. जिवंत विषाणूची लस त्यास वर्ज्य. रोग्याचे स्वतःचे सैन्य लसीस नीट दाद देत नसल्यामुळे, घरातील सर्वांनी ती घेणे हेच त्याचे खरे कवच. २०२३ साली आर. एस. व्ही. विरुद्धही पहिल्या लशी आल्या, त्या प्रथम साठीपुढील लोकांसाठी. फुप्फुस बसविलेल्यांना त्यांचा किती उपयोग होतो, हे तपासण्याचे काम चालू आहे.

ह्या रोग्यांच्या घरी मुठीत मावेल एवढे एक यंत्र असते. रोज सकाळी, चहा होण्यापूर्वी, त्यात जोराने फुंकर मारावयाची आणि येणारा आकडा वहीत लिहावयाचा. कालच्यापेक्षा आजचा आकडा किंचित कमी भरला तर त्यात घाबरण्यासारखे काही नसते. परंतु तो लागोपाठ दोन-तीन दिवस दहा टक्क्यांनी खाली राहिला, तर रुग्णालयास कळवावयाचे असते, मग नाक वाहत असो वा नसो. वहीच्या मागील पानांवर घरातील कोणास, कोणत्या तारखेस सर्दी झाली, ह्याचीही नोंद काही रोगी ठेवतात.